पन्नास तोंडांचा जनक्षोभ

लोणंदच्या कांदा लिलावात अजून जुनाट पद्धत आहे. व्यापाऱ्याला ढिगाशी उभं राहून, कांदा हातात घेऊन, चारचौघांत भाव बोलावा लागतो. लोकमताच्या बाजारात एवढे कष्ट उरलेले नाहीत. एकच इसम कधी गुलाब, कधी वाघ, कधी कुण्या अनोळखी मुलीचा फोटो लावून पन्नास तोंडांनी बोली लावतो आणि स्वतःलाच ‘अगदी बरोबर बोललात, दादा’ म्हणतो.

2020 मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई पोलिसांना बदनाम करायला 80,000 हून अधिक बनावट खाती राबत होती, असं पोलिसांनीच सांगितलं. त्यांत इटालियन, जपानी, पोलिश भाषांतल्याही पोस्ट होत्या. वांद्र्यातल्या या मृत्यूनं पोलंड इतका हळहळला, याचा मराठी माणसाला अभिमानच वाटायला हवा!

आता नगरपंचायतीच्या गटारीवरूनही मोबाइलात ‘अख्खं गाव पेटलंय’. सभेला मात्र चौघं येतात, त्यांतला एक चहावाला. मतदानाला अजून खरं बोट लागतं, ही निवडणूक आयोगाची तेवढी गैरसोय. तीही दूर झाली, की खऱ्या मतदारांनी घरी निवांत बसायला हरकत नाही.