न ऐकलेल्या गाण्याचे दर्दी

गाणं ऐकून त्यावर तासन् तास बोलणारे आपल्याकडे पैशाला पासरी. लंडनच्या आमच्या गल्लीत राहणाऱ्या गृहस्थांची पायरी त्याही वरची. ते न ऐकलेल्या गाण्यावर बोलतात. शनिवारी पबमध्ये बिअरचा पहिला ग्लास निम्मा होतो न होतो तोच 5 जानेवारी 1967 ही तारीख निघते, आणि जुनी गिऱ्हाइकं आपापले ग्लास उचलून पलीकडच्या टेबलाकडे सरकतात. मी नवा होतो, सापडलो.

त्या दिवशी ॲबी रोड स्टुडिओत बीटल्स 'पेनी लेन'चं काम करत होते. ते आटोपल्यावर मॅकार्टनींनी बाकीच्या तिघांना सांगितलं, की हाताला लागेल ते वाद्य घ्या, वाटेल तसं बडवा, ओरडा. अर्थ लागला नाही तरी चालेल. निमित्त होतं चॉक फार्मच्या राउंडहाउसमधल्या 'मिलियन व्होल्ट लाइट अँड साउंड रेव्ह' या जलशाचं. कधीकाळी रेल्वे इंजिनं ठेवायची ती गोल इमारत. तिथे दिव्यांचा झगमगाट आणि जोडीला विजेवरचे चमत्कारिक आवाज असा कार्यक्रम ठरला होता. त्यासाठी 13 मिनिटं 48 सेकंदांचा जो गोंधळ ध्वनिमुद्रित झाला, त्याचं नाव 'कार्निव्हल ऑफ लाइट'. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता म्हणतात. राउंडहाउसमध्ये तो वाजला आणि त्यानंतर जो कपाटात गेला तो गेलाच.

आमच्या गृहस्थांचा संसार त्या कपाटाच्या दाराशी थाटलेला आहे. ध्वनिफितीवर काय आहे हे त्यांना पाठ आहे, कारण बीटल्सचे चरित्रकार मार्क लुईसन यांना 1980च्या दशकात ती ऐकायला मिळाली आणि त्यांनी ट्रॅकवार वर्णन करून ठेवलं. ड्रम आणि ऑर्गन, वेडंवाकडं गिटार, भरपूर प्रतिध्वनी, पिसाटलेली खंजिरी. लेनन आणि मॅकार्टनी मध्येच काहीबाही ओरडतात, त्यात स्पेनमधल्या एका शहराचं नावही येतं. शिवाय पाण्याच्या गुळण्या. या गुळण्या कोणाच्या, यावर आमच्या गृहस्थांचं स्वतंत्र मत आहे. ते लेननच्या बाजूचे. दोन स्टेशनं पलीकडे राहणारा त्यांचा जुना मित्र रिंगोच्या बाजूचा. दोघांचं बोलणं बंद आहे.

एकदा मी इंटरनेटवर सापडलेली एक 'अस्सल' प्रत मोबाइलवर त्यांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटले, मान जरा तिरकी केली आणि तिसऱ्याच सेकंदाला हात वर केला.

"बनावट."

"तुम्ही खरं ऐकलंय का कधी?"

"म्हणून तर ओळखलं! खरं असतं तर ते मला ऐकायला मिळालं असतं का?"

यावर काय बोलणार? मी मुकाट्याने दुसरा ग्लास मागवला.

त्या जलशाला प्रत्यक्ष हजर असलेली एक म्हातारी बाई त्यांनी मोठ्या खटपटीने शोधून काढली होती. तासभर तिला बोलतं करण्याचा प्रयत्न झाला. तिला दिवे आठवत होते, कडाक्याची थंडी आठवत होती, सोबतचा मुलगा तर फारच चांगला आठवत होता. बीटल्सचं काही वाजलं का? तर म्हणे, आवाज बराच होता बाई. "ऐकायचं भाग्य कोणाला मिळतं बघा!" हे त्यांनी मला इतक्या कळवळून सांगितलं, की मलाच त्या बाईचा राग आला.

त्यांच्या कथेतले खलनायक म्हणजे जॉर्ज हॅरिसन. 1996 साली 'अँथॉलॉजी 2' निघताना मॅकार्टनींना हे ध्वनिमुद्रण त्यात घालायचं होतं. हॅरिसननी मोडता घातला. मॅकार्टनींची कळकळ समजण्यासारखी आहे. 'रेव्होल्यूशन 9'मुळे प्रयोगशील म्हणून नाव झालं ते लेननचं. आपण त्याच्या वर्षभर आधीच हा उद्योग केला होता, हे जगाला ऐकवायला कोणाला आवडणार नाही? 2008 मध्ये बीबीसीच्या रेडिओवर त्यांनी पुन्हा इच्छा बोलून दाखवली. आमच्या गृहस्थांनी त्या आठवड्यात रात्री झोप घेतली नाही. पण ते निघायला रिंगो हवेत, लेननच्या पत्नी योको ओनो हव्यात, हॅरिसनच्या पत्नी ऑलिव्हिया हव्यात. वडिलोपार्जित वाड्याच्या सातबाऱ्यासारखं आहे ते. एक सही राहिली की सगळं अडलं.

हॅरिसनची बाजू घ्यावी म्हणून मी आमच्या मुंबईचा दाखला दिला. म्हटलं, याच हॅरिसननी जानेवारी 1968 मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन 'द इनर लाइट'चं संगीत मुद्रित केलं, ते केवढं गोड आहे!

"ते प्रसिद्ध झालंय," गृहस्थ म्हणाले. एखादी मुलगी 'दिलेली आहे' म्हणावं, तसे.

प्रसिद्धीचा घाव त्यांनी सोसलेला आहे. लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरून पुरं केलेलं 'नाऊ अँड देन' नोव्हेंबर 2023 मध्ये बाजारात आलं. जग नाचत होतं. हे मात्र सुतक असल्यासारखे बसून. आता ते काय, कोणीही ऐकू शकतं. बसमधलं पोरसुद्धा.

शेवटी मी धीर करून विचारलंच, की समजा उद्या चारही बाजूंच्या सह्या झाल्या आणि 'कार्निव्हल ऑफ लाइट' निघालं, तर? मला वाटलं, चेहरा पडेल. छे! त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बिअरखालच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडायला घेतले. आधी ते मोनो आहे की स्टिरिओ ते बघावं लागेल. मग घड्याळ लावायचं. कंपन्या काटछाट करतातच. 13 मिनिटं 40 सेकंद भरलं, तर उरलेले आठ सेकंद कुठे गेले?

"त्या आठ सेकंदांत," आवाज खाली आणून ते म्हणाले, "गुळण्या असणार."