सपाटीवरचे गिर्यारोहक

लखनौ समुद्रसपाटीपासून जेमतेम १२० मीटर उंच. शहरात चढ म्हणाल तर उड्डाणपुलाचा. तरी संध्याकाळी हजरतगंजात थार गाड्यांची रांग पाहिली, की हिमालय इथंच कुठंतरी पार्किंग शोधतोय असं वाटतं.

गाडी नाशिकच्या कारखान्यातली. सह्याद्रीच्या कुशीत जन्मायचं आणि हयात गोमतीनगरच्या गुळगुळीत रस्त्यांवर काढायची! पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा, ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची तयारी, टपावर तंबूसाठी कॅरिअर. चिखलाचा एक शिंतोडा उडाला, की मालक कासावीस.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार आणली. गिऱ्हाइकाची नस बरोबर सापडली: डोंगर नको, डोंगरावर जाणाऱ्याचा रुबाब हवा. थारची स्पर्धक गाडी जिम्नी, तिच्या प्रत्येक मॉडेलला चारही चाकांचा जोर मिळतो. पण चेहरा पडला सालस, तिला बघून चौकात कोण बाजूला होणार?

न्यायाचं बोलायचं, तर ३१ जुलै २०२४ च्या पावसात थेट विधान भवनात पाणी शिरलं. त्या दिवशी ६५० मिलिमीटरच्या आकड्याला लखनौत अर्थ आला.

खरंच उत्तराखंडच्या कच्च्या वाटांवर तंबू ठोकायचा असेल, तर आधी फोर-बाय-फोर आणि लो-रेंज गिअर बघा, मग टायर, रंग शेवटी. नैनीतालला जाऊन फक्त मॅगी खायची असेल, तर तिथवर डांबरी रस्ता आहे. घरातली वॅगनआर पुरते.