नव्या अल्बमवर मत कसे द्यावे (बाळकुमकरांसाठी)

मत आधी ठरवावे, अल्बम नंतर ऐकावा. उलट केल्यास गाणी मध्ये येतात.

ऐकायचेच असेल तर कापूरबावडी ते बाळकुम नाका हा टप्पा उत्तम. जुन्या एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असे. संध्याकाळी भिवंडीकडचे ट्रक अडकले की रिक्षात दोन्ही बाजू सहज आटोपतात. तरी प्रत्येक गाणे पहिल्या अंतऱ्यातच पुढे सरकवावे. पूर्ण ऐकणाऱ्याला आपल्याकडे कोणी जाणकार म्हणत नाही.

सुरुवात अशी करावी : ‘चाल बरीय, पण...’ आणि गप्प बसावे. उणीव समोरचा स्वतःच शोधून देतो.

मग जुने काढावे. २०२५च्या ‘संगीत मानापमान’ चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत आहे. त्यावर ‘टेंब्यांची सर नाही’ एवढे म्हणावे. गोविंदरावांनी संगीत दिलेले मूळ नाटक १९११चे. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेला कोणी आता खोडून काढायला येत नाही. ‘कट्यार’चा विषय निघाल्यास अभिषेकीबुवांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा. हातात वडापाव असेल तर हात बदलावा.

शब्दांवर मात्र जपून बोलावे. गीतकार पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष झाले होते. या गावात आज ज्याच्या यमकाला हसाल, तो उद्या तुमच्या नळजोडणीच्या अर्जावर सही करायला बसलेला असेल.

खरी पंचाईत हळदीच्या रात्री. दुपारी ‘सैराट’चा विषय निघाला तेव्हा लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झालेल्या वाद्यवृंदावर तुम्ही गंभीरपणे बोललात, ‘झिंगाट’ला उथळ ठरवलेत. रात्री पाड्यातल्या मंडपात बेंजोवाल्यांनी तेच काढले, आणि काकूंनी हाताला धरून ओढले. अशा वेळी ‘ठेक्याचा अभ्यास करतोय’ असे सांगून नाचावे. ‘गुलाबी साडी’चे शब्द तोंडपाठ निघाले तर दोष घरातल्या मुलांवर ढकलावा.

(बेंजोवाल्यांसारखा कठोर समीक्षक मी पाहिलेला नाही. मंडपातली माणसे जेवायला उठू लागली की ते गाणे तिथेच, अंतरा अर्धा टाकून बदलतात. ‘पण’ नाही, टेंबे नाहीत.)

तेव्हा वर्षअखेरीस उत्कृष्ट अल्बमांची यादी करायची असेल, तर आधी त्यांच्याकडची मागून घ्यावी. खाली सही आपली करावी.