रिकाम्या टाकीचा हिशेब

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा व आई यांस,


‘मासा एकही नाही, तरी फिल्टर आणि हीटर चोवीस तास चालू?’ हा तुमचा प्रश्न तुमच्या सूनबाईंनी जराही सौम्य न करता पोहोचवला. आरोप वीजबिलाचा आहे आणि आपल्या घराण्यात त्याहून मोठा गुन्हा नाही, म्हणून खुलासा लेखी देतो. टाकी रिकामी नाही, हेच आमचं म्हणणं. तिथे आधी ज्यांना पोसायचं आहे, ते डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. आणि ही गोष्ट जगात कुठे चटकन पटायला हवी असेल, तर बडोद्याजवळच्या, रासायनिक कारखान्यांच्या नंदेसरीत.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न कुजलं तरी अमोनियाच होतो. लिटरमागे एखादा मिलिग्रॅमसुद्धा माशाला जाचतो, आणि पाणी जितकं अल्कधर्मी तितका जाच जास्त. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषच: ते रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि मासा हवेशीर पाण्यातही गुदमरतो. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. ते बरंच निरुपद्रवी, अधूनमधून थोडं पाणी बदललं की भागतं. आता बाबा, ‘दीपक नायट्राइट’ कंपनीनं १९७०च्या दशकात तुमच्या नंदेसरीतच सोडियम नायट्राइट बनवायला सुरुवात केली. या उद्योगात अमोनिया प्लॅटिनमच्या जाळीवर आठशे-नऊशे अंशांच्या घरात जाळतात आणि निघालेले वायू सोड्याच्या द्रावणात शोषून घेतात. आमचे कामगार तेच रूपांतर पंचवीस-सव्वीस अंशांत, बोनस न मागता करतात. फक्त भरतीला वेळ लागतो.

माशांच्या दुकानदारानं थांबायला सांगितलं, ते उगाच नाही. आपल्या आतड्यांतला ई. कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींना अर्धा-एक दिवस लागतो, कधी त्याहूनही जास्त. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही, मग नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर ते थांबलं, आणि मातीचं धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झालं. म्हणजे काम सजीवांचं होतं आणि सजीवांना वाढायला अवधी लागतो. तुमच्याकडच्या नव्या ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, तरी काय करतात? एरेशन टँकमध्ये जुन्या प्लांटचा स्लज किंवा शेण कालवतात आणि जिवाणू जोम धरेपर्यंत पूर्ण लोड देत नाहीत. आमचा फिल्टर म्हणजे तीच व्यवस्था, वीतभर उंचीची.

आता तुमचे आक्षेप. ‘आपल्या सूरसागर तळ्यात कोणी फिल्टर लावला होता?’ तळ्यात अफाट पाणी, तळाशी गाळ, कडेला शेवाळ असतं. काचेच्या टाकीत यातलं काहीच नाही. टाकीतही वनस्पती दाट लावल्या तर त्या अमोनिया खातात आणि दोन-चार लहान मासे लवकर सोडता येतात, एवढं मान्य. ‘एखादा चिवट मासा आधी सोडा, त्याच्यावर जिवाणू वाढतील.’ वाढतील; लोक वर्षानुवर्षं हेच करत आले. पण संडास बांधून व्हायच्या आत पाहुणे बोलावले आणि पाहुणे चिवट निघाले, म्हणून यजमानाचं नियोजन चांगलं ठरत नाही. अमोनिया बाटलीतूनही घालता येतो, मग त्यासाठी माशाचे कल्ले कशाला जाळायचे? ‘रोज पाणी बदला.’ मासे आधीच सोडले असतील तर तोच उपाय. पण जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजला धरून राहतात, म्हणून पाणी बदलून त्यांची भरती वाढत नाही. शिवाय अमेरिकेतल्या अनेक शहरांत नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. ते रात्रभर बादली भरून ठेवल्यानं जात नाही. त्याचा उतारा आधी न घातल्यास तेच जिवाणूंना मारतं. ‘जिवाणूंची तयार बाटली मिळते ना?’ मिळते. पण आतले जिवंत आहेत की स्वर्गवासी, हे लेबल सांगत नाही. त्यापेक्षा कुणाच्या निरोगी टाकीतला जुना, मळका स्पंज मागून आणावा. आई, स्वच्छता म्हणून तो नळाखाली धुवायचा नसतो. तो मळ हीच भरती आहे.

उरला विजेचा प्रश्न. हीटर चालू, कारण गारठ्यात जिवाणूंची वाढ मंदावते. फिल्टर चालू, कारण त्यांना प्राणवायू लागतो. माशांविना हा खर्च साधारण चार ते सहा आठवड्यांचा आहे. ही प्रतीक्षा कधी संपली ते कॅलेंडरनं नव्हे, चाचणीनं ठरतं: लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया घातला आणि चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आलं, की टाकी तयार. मग साचलेलं नायट्रेट घालवायला बरंचसं पाणी बदलायचं आणि मासे थोडे-थोडे सोडायचे. तोवर नातेवाइकांना ‘पोरानं नुसतं पाणी पाळलंय’ असं सांगू नका. ‘ईटीपी कमिशनिंगला आहे’ म्हणा. नंदेसरीत पुढचा प्रश्न कोणी विचारणार नाही.

आपला,
चिरंजीव