टाचांना खडे

“काकू, कामात आहात का? व्हर्जिल फॉक्सचं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.”

“हा कोण गं?”

“अमेरिकेतला ऑर्गनवादक. आपल्या संगीत नाटकातला पायानं भाता मारायचा ऑर्गन नव्हे हो, चर्चमधला, हजारो नळ्यांचा. हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक रांगा, पायांसाठी वेगळ्या. १९४६ ते १९६५ न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये होता. केवढी मानाची जागा! पण नटायची हौस विचारू नका. लाल अस्तराची केप, आणि बुटांच्या टाचांना चमचमते खडे.”

“टाचांना?”

“मग! पाय पट्ट्यांवर धावायला लागले की टाचा लखलखायच्या. त्याचं आणि ई. पॉवर बिग्जचं मुळीच पटायचं नाही. बिग्जही ऑर्गनवादकच, मूळचा इंग्लंडचा, अगदी सोवळ्यातला. जर्मन संगीतकार बाखच्या काळी जसे ऑर्गन होते तशावरच बाख वाजवावा, हा त्याचा हट्ट. हार्वर्डच्या संग्रहालयातून वर्षानुवर्षं रविवारी रेडिओवर वाजवायचा. फॉक्सला ते सगळं निर्जीव वाटे. आणि गंमत ऐका, १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये नवा ऑर्गन आला, तेव्हा दोघं एकाच कार्यक्रमात! सोबत तिसरी ऑर्गनवादक कॅथरीन क्रोझियर. बिचारी.”

“विंगेत कान लावून बसायला हवं होतं.”

“तेच म्हणते मी! पुढे १९७० च्या डिसेंबरात फॉक्स बाख घेऊन गेला कुठे, तर फिलमोर ईस्टला. रॉकवाल्यांचं थिएटर ते. नळ्यांचा ऑर्गन काही उचलून नेता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक नेला. मागे रंगीत दिव्यांचा खेळ. लांब केसांच्या पोरांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. मग ‘हेवी ऑर्गन’ नावानं गावोगाव दौरे.”

“म्हणजे सोंगंच की!”

“असं नका म्हणू. इलिनॉयमधल्या प्रिन्स्टनचा पोरगा, दहाव्या वर्षी चर्चमध्ये वाजवत होता. पॅरिसला मार्सेल दुप्रेंकडे शिकला. आणि कार्यक्रमात समोर कागद नाही, सगळं पाठ!”

“पाठ? मग घालू दे केप.”

“शेवटी कॅन्सरनं गाठलं, तरी वाजवणं सोडलं नाही. १९८० मध्ये गेला, ६८ वर्षांचा. फिलमोरच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आहे, जेवणं उरकली की या.”

“येते. पण बिग्जचंही लाव हो. एकाच बाजूचं ऐकून मी निकाल देत नाही.”