मार्चअखेर पॉलिसी कशी काढावी

फेब्रुवारी संपत आला की पगारदार माणसाला एकाएकी भविष्याची काळजी वाटू लागते. वाटू द्या. वर्षाचे अकरा महिने ती वाटली नाही, यात तुमचा काही दोष नाही. आता फक्त पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा.

1. आपल्याला कर किती बसतो, ते चुकूनही तपासू नका. 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात 80सीची दीड लाखाची वजावट मिळत नाही. शिवाय 2025-26 पासून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर करच लागत नाही. ही माहिती डोक्यात शिरली, की ‘टॅक्स वाचवायला पॉलिसी’ या वाक्यातली हवाच निघून जाते. मग मार्च महिना घालवायचा कसा?

2. एजंट नात्यातलाच निवडा. बाबांचे बँकेतले जुने मित्र असतील तर उत्तम. ते रविवारी सकाळी येतील, आई पोहे करील, आणि ‘अरे, तुझ्या बाबांच्या सगळ्या पॉलिसी मीच काढल्यात’ हे ऐकल्यावर प्रश्न विचारणं म्हणजे बाबांवरच अविश्वास दाखवणं होईल. काका बॅगेतून एक तक्ता काढतील. त्यात दोन रकाने असतात. एकात 4 टक्के परतावा धरलेला, दुसऱ्यात 8 टक्के. दोन्ही नुसते गृहीत धरलेले, असं खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. काका पेनाने गोल करतील तो 8 टक्क्यांच्या रकान्यातल्या शेवटच्या आकड्याभोवती. तुम्ही त्या गोलातच बघा. चष्मा काढून ठेवलेला बरा.

3. ‘टर्म इन्शुरन्स घेऊ का?’ असं विचारायचा मोह होईल. आवरा. तिशीतल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला एक कोटीचं कवच वर्षाला दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतं, हे खरं. पण जगलात तर पैसे परत नाहीत! म्हणजे जिवंत राहून वर नुकसान. त्यापेक्षा साठ हजारांचा हप्ता वीस वर्षं भरा. घरच्यांना कवच मिळेल बारा-एक लाखांचं, म्हणजे तुमच्यामागे त्यांचं वर्ष-दीड वर्ष तरी निघेल. आणि तुम्ही टिकलातच, तर साडेपाच टक्क्यांनी बारा लाखांचे बावीस होतील. ‘दहा लाख सुटले’ म्हणून पेढे वाटा. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी साडेसव्वीस लाखांपर्यंत गेले असते, हे सांगणाऱ्या मेव्हण्याला पेढा देऊ नका.

4. हप्ता क्रेडिट कार्डाने भरा, पॉइंट मिळतात. बिल आलं, की त्यावर दोन आकडे दिसतील: 60,000 आणि 3,000. बँकेने एवढ्या प्रेमाने छोटा आकडा छापलाय, तर तोच भरा. महिना साडेतीन टक्क्यांनी साठ हजारांवर 2,100 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 378. तुमच्या तीन हजारांतून मूळ कर्ज फिटलं 522 रुपयांचं. आता किराणाही त्याच कार्डावर घ्या, कारण जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कोथिंबिरीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात कर्ज काढून साडेपाच टक्क्यांची गुंतवणूक करणारे तुम्ही एकटे नाही, एवढाच दिलासा.

5. मेडिक्लेमच्या फॉर्मवर बी.पी.ची गोळी लिहू नका. काकाच म्हणतील, ‘कशाला उगाच, हप्ता वाढेल.’ क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तर त्यावर तुमचं नाव असतं, काकांचं नसतं. खोलीभाड्याची मर्यादाही वाचू नका. तीन लाखांच्या पॉलिसीत रोज एक टक्का, म्हणजे तीन हजारांची खोली बसत असेल, तर तुम्ही सहा हजारांची एसी खोली घ्या. कंपनी फक्त भाडं अर्धं करील असं वाटलं ना? डॉक्टरांची फी, ऑपरेशनचं शुल्क, सगळं त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. एसीत बसून हिशेब करायला मात्र बरं वाटतं.

6. पॉलिसी पटली नाही तर हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. म्हणून ती पाकिटासकट कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सरकवा आणि एकतिसाव्या दिवशी उघडा. कुठे ठेवलीय ते बायकोला सांगू नका. जुन्या पॉलिसीत नॉमिनीच्या जागी लग्नाआधी लिहिलेलं नाव आहे तसंच असू द्या. खाडाखोड बरी दिसत नाही.

7. दोन-तीन हप्त्यांनंतर दम लागला, तर पॉलिसी मोडा. भरलेल्यापेक्षा कमी हातात येतील, पण काका नवी योजना घेऊन तयारच असतील. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमिशन सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे तुमच्या प्रत्येक नव्या सुरुवातीचा त्यांना मनापासून आनंद होतो.

8. एवढं करूनही या धंद्यातून काही सुटत नाही असं वाटलं, तर एजंटची परीक्षा द्या. दहावी पास चालतं. पास झालात की वही घ्या आणि भाचे, पुतणे, साडू, सोसायटीचे सेक्रेटरी अशी यादी काढायला बसा. नुकतीच नोकरी लागलेल्यांची नावं आधी लिहा.