राउटरचं बूड

राउटर घेताना त्याचं तोंड बघू नये, बूड बघावं. तोंडावर कंपनीचं नाव, मिचमिचणारे दिवे आणि चकाकी असते. खरी कुंडली असते खाली, रबरी पायांच्या मधे चिकटवलेल्या स्टिकरवर. मॉडेलचं नाव, सीरियल नंबर, पहिल्या दिवसापुरता पासवर्ड, आणि या सगळ्या गर्दीत मुंगीएवढ्या अक्षरांत ‘व्हर’. म्हणजे व्हर्जन. नाव तेच, रंग तोच, साचाही तोच, पण व्हर 1 आणि व्हर 4 यांच्या पोटात चिप वेगळी, मेमरी वेगळी, फर्मवेअर वेगळं. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलं, तर त्या राउटरचा उपयोग पुढे फक्त पंख्याखाली कागद दाबून ठेवायला.

संभाजीनगरात पैठण गेटच्या एका दुकानात मी ही व्हर्जनची चौकशी सुरू केली, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर सहसा उधारी मागणाऱ्यांच्या वाट्याला येते.

“व्हर्जन कौनसा है भाई?”

“लेटेस्ट है साब.”

“हां, पण आकडा?”

“लेटेस्ट का आकडा नहीं रहता साब.”

यावर काय बोलणार? त्याने माझ्या अज्ञानाकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं आणि स्वतःचं शास्त्र मांडलं. “ये चार अँटेना का, ये छे अँटेना का. घर बडा है तो छे वाला लेके जाव.” आपल्याकडे अँटेना मोजून राउटरची पत ठरते. वास्तविक दोन अँटेनांचा राउटर वाय-फायच्या सहाव्या पिढीतला आणि सहा अँटेनांचा पाचव्या पिढीतला असू शकतो. पण हे सांगायला तोंड उघडलं, तोवर आमच्या सौभाग्यवतींनी “पांढऱ्यात नाही का? काळ्यावर धूळ दिसते” असा मुद्दा काढला, आणि दुकानदाराला एकदाचं समजूतदार गिऱ्हाईक भेटलं.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘एसी 1200’ असतं. ही राउटरची गती नाही, ही बेरीज आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या बँडवर 300, 5 गिगाहर्ट्झच्या बँडवर 867, एकूण 1167, आणि वरचे 33 मेगाबिट कंपनीच्या उत्साहाचे. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर बसतो, त्यामुळे ही बेरीज म्हणजे स्थळ सांगताना मुलाच्या पगारात थोरल्या भावाचा पगार मिळवून सांगण्यातला प्रकार. शिवाय मागचं पोर्ट 100 मेगाबिटचं असेल, तर तारेतून त्याहून जास्त आत येणारच नाही. पोर्टाचा आकडा खोक्याच्या कुठल्या बाजूला छापलाय, हे शोधायला चष्मा लागतो. न छापलेला शोधायला नुसता चष्मा पुरत नाही.

आणि नवं व्हर्जन म्हणजे चांगलं, हा समज तर पार धुळीला मिळालेला आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी 54 जी हा निळा-काळा, दोन शिंगांचा राउटर 2002 च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स होतं. परवान्याच्या अटींमुळे कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्यात स्वतःचं फर्मवेअर घालायला सुरुवात केली. आजच्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाच्या नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ तिथूनच आलं. मग 2005 मध्ये पाचवं व्हर्जन निघालं. रंग तोच, शिंगं तीच. आत मात्र मेमरी 16 मेगाबाइटवरून 8 वर, फ्लॅश 4 वरून 2 वर, आणि लिनक्सच्या जागी दुसरीच सिस्टिम. लोक दुकानात खोकी फिरवून सीरियल नंबरची पहिली अक्षरं वाचू लागले. शेवटी कंपनीने जुनाच माल मागे एक ‘एल’ लावून वेगळा विकायला काढला.

हे सगळं संभाजीनगरच्या माणसाला नव्याने शिकवायची खरं तर गरज नाही. आमच्याकडे बीबी का मकबरा आहे. ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो उस्ताद अहमद लाहोरी, आणि मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्ला हा त्याचाच मुलगा. घराणं तेच, मॉडेल तेच, चार मिनारही तेच. पोटात मात्र काटछाट. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला, मधे आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा नक्षीदार गिलावा. ‘तारीखनामा’ या ग्रंथात खर्च दिलाय 6,68,203 रुपये 7 आणे. हे 7 आणे मला फार आवडतात. बजेटमध्ये बसवलेल्या व्हर्जनची खूण याहून चांगली मिळायची नाही. अर्थात पुण्याच्या पाहुण्यांनी मकबऱ्याला नावं ठेवली की आम्ही त्यांना चहासुद्धा विचारत नाही, हा भाग वेगळा.

पुण्याचे पाहुणे म्हणजे मुख्यतः माझा मेहुणा. त्याचा दुकानातच फोन आला. “दाजी, सिक्स घ्या. फाइव्ह आता कोणी फुकट दिला तरी घेत नाही.”

पूर्वी या पिढ्यांना नुसती अक्षरं होती. बी, जी, एन, मग एसी, मग एएक्स. ती कोणालाच लक्षात राहीनात, म्हणून 2018 मध्ये वाय-फाय अलायन्सने आकडे दिले. एन झाला 4, एसी झाला 5, एएक्स झाला 6. सोपं वाटतं ना? पण वाय-फाय 5 हे प्रमाण फक्त 5 गिगाहर्ट्झपुरतं आहे. म्हणजे पाचव्या पिढीच्या राउटरचा 2.4 चा बँड मुळात चौथ्या पिढीचाच. त्यात फोनवर नेटवर्कच्या नावापुढे ‘5जी’ दिसतं. ते 5 गिगाहर्ट्झचं, पण शेजारचे काका ते मोबाइलचं 5जी समजून कॉलनीत सांगत फिरतात.

आकड्यांचा एवढा धसका घ्यायचं कारण नाही म्हणा. वेरूळला 16 नंबरचं कैलास लेणं 29 नंबरच्या धुमार लेण्यापेक्षा नवं आहे, कारण नंबर दक्षिणेकडून उत्तरेकडे घातलेत. तिथे कोणी मेहुणा फोन करून “दाजी, 34 बघा, लेटेस्ट आहे” म्हणत नाही.

शेवटी पांढरा, सहाव्या पिढीचा, गिगाबिट पोर्टाचा राउटर घेतला. दुकानदाराने सील फोडून तो पालथा करू दिला, यात माझ्या युक्तिवादापेक्षा पुढच्या गिऱ्हाइकाच्या घाईचा वाटा मोठा होता. पण सहाव्या पिढीचा फायदा घ्यायला समोरचा फोनही त्याच पिढीचा लागतो. माझा फोन चौथ्या पिढीचा, सौभाग्यवतींचा पाचव्या, आणि टीव्ही 2.4 सोडून दुसरं काही ओळखत नाही. घरात सहाव्या पिढीचा फोन एकच, आमच्याकडे राहून वाळूजला नोकरी करणाऱ्या भाच्याचा. तो रात्री येतो, नव्या राउटरशेजारच्या खुर्चीत पाय पसरून बसतो आणि मोबाइल डेटावर क्रिकेट बघतो.

“अरे, वाय-फाय जोड की!”

“राहू द्या मामा, मला अनलिमिटेड आहे.”